जिम रीव्हज: नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची सविस्तर उत्तरं

नाताळ जवळ आला की जिम रीव्हज या जुन्या अमेरिकन कंट्री गायकाबद्दल (कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून आलेली गाणी) तेच तेच प्रश्न सुरू होतात. हा माणूस कुठला, मेल्यावर याची गाणी कशी येत राहिली, एवढ्या हळू आवाजात गाऊन हा एवढा मोठा कसा झाला. दरवेळी अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. मी वसईची, आमच्याकडे हा आवाज घरातल्या माणसासारखा ओळखीचा आहे, त्यामुळे कुठे कुठे जास्त लिहिलं जाईल, तेवढं चालवून घ्या.

जिम रीव्हज ब्रिटिश होता का?

नाही हो, अस्सल टेक्सासचा. पूर्ण नाव जेम्स ट्रॅव्हिस रीव्हज, जन्म 20 ऑगस्ट 1923, टेक्सासच्या पूर्वेला पनोला काउंटीत गॅलोवे नावाचं छोटं गाव आहे तिथला. काही ठिकाणी जन्मसाल 1924 लिहिलेलं दिसेल पण 1923 हेच बरोबर. त्याचे उच्चार इतके स्वच्छ आहेत आणि गाण्यात टेक्सासचा हेल इतका कमी लागतो की बऱ्याच जणांना तो इंग्लंडचा वाटतो. आपल्याकडे तर कित्येकांना तो फक्त चर्चची गाणी म्हणणारा माणूस वाटतो, कारण त्यांनी नाताळ सोडून त्याला कधी ऐकलेलंच नसतं.

घरची परिस्थिती कशी होती?

गरिबी. जिम वर्षाचा व्हायच्या आत वडील गेले आणि आईने शेतात राबून नऊ मुलं वाढवली. हा सगळ्यात धाकट्यांपैकी. लहानपणीच गिटार हातात आली आणि रेडिओवर जिमी रॉजर्स या जुन्या कंट्री गायकाची गाणी ऐकायची सवय लागली, त्या काळात दक्षिणेत वाढलेल्या बहुतेक कंट्री गायकांची सुरुवात अशीच आहे.

तो आधी बेसबॉल खेळायचा हे खरं का?

हो, आणि चांगला खेळायचा, हौशी नव्हे. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा होता. खेळाच्या जोरावर युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासची स्कॉलरशिप मिळाली होती, पण थोड्याच दिवसांत कॉलेज सोडून तो ह्यूस्टनला जहाजं बांधायच्या गोदीत कामाला लागला. मग 1944 मध्ये सेंट लुई कार्डिनल्स या मोठ्या बेसबॉल क्लबच्या खालच्या लीगमधल्या टीमशी करार झाला. पुढे पायाच्या शिरेला दुखापत झाली आणि खेळ संपला. 1947 मध्ये त्याने मेरी व्हाइटशी लग्न केलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे या बाईंनी जे केलं त्याशिवाय आज आपण जिमबद्दल बोलत पण नसतो.

मग गाण्यात कसा आला?

रेडिओतून, आणि माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली इथेच आहे. खेळ सुटल्यावर तो टेक्सासमध्ये हेंडरसनच्या केजीआरआय स्टेशनवर अनाउन्सर झाला. बातम्या, जाहिराती, रेकॉर्डी लावणं, सगळं. 1949 मध्ये ह्यूस्टनच्या मेसीज नावाच्या छोट्या कंपनीसाठी पहिली रेकॉर्डिंग केली, ती काही चालली नाहीत. मग 1952 च्या शेवटी श्रीवपोर्टच्या केडब्ल्यूकेएच स्टेशनवर गेला. तिथे दर शनिवारी रात्री 'लुइझियाना हेराइड' हा मोठा कार्यक्रम व्हायचा, हँक विल्यम्स आणि नंतर एल्व्हिस सुद्धा तिथूनच वर आले. एकदा ठरलेला गायक आला नाही म्हणून अनाउन्सर जिमलाच स्टेजवर ढकललं आणि लोकांनी डोक्यावर घेतला, अशी गोष्ट सांगतात. न आलेल्या गायकाचं नाव मात्र प्रत्येक जण वेगळं सांगतो.

म्हणजे बघा, बाकीचे कंट्री गायक डान्स हॉलमध्ये आणि जत्रेत घसा ताणून गाता गाता शिकले, आणि हा माणूस बंद खोलीत माइकसमोर बसून, समोर कोणीच नसताना एका माणसाशी बोलल्यासारखं बोलायला शिकला.

'मेक्सिकन जो' ऐकलं, पण हा तोच गायक वाटत नाही. असं का?

बरोबर ऐकलंत. 'मेक्सिकन जो' 1953 चं, अ‍ॅबट रेकॉर्ड्सचं, मिचेल टोरोकने लिहिलेलं, आणि ते कंट्रीच्या यादीत एक नंबरला गेलं. त्यानंतर 'बिम्बो' आलं, तेही एक नंबर. दोन्ही उडत्या चालीची, मजेशीर, आवाज वरच्या पट्टीत आणि मोकळा सोडलेला. तेव्हा कंट्री गाणं म्हणजे असंच गायचं असा समज होता आणि जिम पण तसंच गात होता. मला ही गाणी वाईट वाटत नाहीत, पण त्यात जिम रीव्हज अजून सापडलेला नाही एवढं नक्की.

पुढे अ‍ॅबटच्या मालकाशी त्याचं बिनसलं. 1955 मध्ये स्टीव्ह शोल्सने त्याला आरसीए व्हिक्टर या मोठ्या रेकॉर्ड कंपनीत घेतलं आणि त्याच वर्षी तो नॅशव्हिल शहरातल्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या मोठ्या रेडिओ कार्यक्रमाचा मेंबर झाला.

तो मखमली आवाज नक्की आला कुठून?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा लांब उत्तर देते.

आवाज देवाने दिला वगैरे ठीक आहे, पण गायची पद्धत त्याने विचार करून बदलली. 1957 च्या फेब्रुवारीत 'फोर वॉल्स' हे गाणं रेकॉर्ड झालं. एकटा माणूस खोलीत बसलाय, त्याची मैत्रीण बाहेर मजेत आहे, आणि चार भिंती अंगावर येतायत असं ते गाणं. प्रोड्युसर चेट अ‍ॅटकिन्सला वाटत होतं की हे बाईने गायचं गाणं आहे. जिमने हट्ट धरला. आणि गाताना त्याने आवाज खाली आणला, पट्टी उतरवली आणि माइकच्या इतक्या जवळ गेला की ओठ जवळजवळ टेकतायत. कंपनीतल्या काही लोकांना ते पटलं नव्हतं, चेटने मात्र त्याची बाजू घेतली. गाणं कंट्रीत एक नंबरला आणि पॉपच्या यादीत 11 नंबरला गेलं.

आता यात नेमकं काय होतं ते समजून घ्या, कारण हळू गायचं म्हणजे सोपं असं बऱ्याच जणांना वाटतं. त्या काळचे स्टुडिओचे माइक असे असायचे की जितकं जवळ जाल तितका आवाजातला खर्ज वाढतो. त्यामुळे आधीच भारी असलेला आवाज अजून भरदार लागतो. पण त्याच बरोबर श्वास ऐकू येतो, ओठ उघडल्याचा आवाज येतो, 'प' आणि 'ब' वर फट्ट असा धक्का बसतो. लांब उभं राहून गाताना या चुका हवेत विरून जातात, जवळ गेलं की एकही लपत नाही. जिमच्या रेकॉर्डिंगमध्ये हे धक्के जवळपास नाहीत. ती रेडिओवरची सवय. अनाउन्सर माणसाला श्वास कुठे चोरायचा आणि शब्द कसा सोडायचा हे माहीत असतं.

दुसरी गोष्ट, तेव्हा सगळे एकाच खोलीत एकाच वेळी वाजवायचे. नॅशव्हिलमध्ये तीन तासांच्या सेशनमध्ये साधारण चार गाणी उरकायची पद्धत होती. गायक हळू गातोय म्हटल्यावर ड्रमवाल्याला, पियानोवाल्याला, गिटारवाल्याला सगळ्यांनाच हात आवरून वाजवायला लागतं, नाहीतर गायकाच्या माइकमध्ये त्यांचाच आवाज घुसणार. म्हणजे एका माणसाने आवाज खाली आणला आणि पूर्ण बँडची वाजवायची पद्धत बदलली. 'फोर वॉल्स'मध्ये फिडल (गावरान ढंगाने वाजवलेलं व्हायोलिन) आणि स्टील गिटार (तारांवर धातूची पट्टी सरकवून वाजवतात ती) नाहीत, मागे जॉर्डनेअर्स या कोरस गाणाऱ्या गटाचे मऊ सूर आहेत, फ्लॉइड क्रेमरचा पियानो अगदी मोजकाच. त्या गाण्यात जी शांतता वाटते ती अशी तयार झालीय.

'हील हॅव टू गो' ची गोष्ट काय आहे?

हे गाणं जो अ‍ॅलिसन आणि ऑड्री अ‍ॅलिसन या नवराबायकोने लिहिलं. ऑड्री फोनवर फार हळू बोलायची, नवऱ्याला ऐकू यायचं नाही, मग तो म्हणायचा तोंड फोनच्या जवळ आण. त्या घरगुती वाक्यातून पहिली ओळ सुचली. गाण्यातला माणूस बारमधून फोन करतोय, तिच्याकडे दुसरा कोणीतरी आलाय, आणि हा तिला सांगतो की तू फक्त हो की नाही सांग, मी इथला ज्यूकबॉक्स (नाणं टाकून गाणी लावायचं मशीन) हळू करायला सांगतो.

आधी बिली ब्राउन नावाच्या गायकाने ते रेकॉर्ड केलं होतं, चाललं नाही. जिमने 15 ऑक्टोबर 1959 ला केलं. मजा म्हणजे कंपनीचा भरवसा दुसऱ्याच गाण्यावर होता, 'इन अ मॅन्शन स्टँड्स माय लव्ह' हे रेकॉर्डच्या मुख्य बाजूला आणि हे मागच्या बाजूला. रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी करून मागची बाजू लावायला सुरुवात केली आणि मग काय, 1960 मध्ये कंट्रीच्या यादीत 14 आठवडे एक नंबर, पॉपच्या हॉट 100 मध्ये दोन नंबर. तिथे वर पर्सी फेथची 'समर प्लेस'ची धून अडून बसली होती. लगेच त्याला बाईच्या बाजूने उत्तर देणारं 'हील हॅव टू स्टे' हे गाणं जीन ब्लॅकने गायलं आणि तेही हिट झालं.

हेडफोन लावून सुरुवातीची ओळ ऐका. वाद्यं सुरू होऊन स्थिरावायच्या आत आवाज थेट कानाशी येतो. माणूस फोनवर बोलतोय आणि गायक माइकला ओठ लावून गातोय, म्हणजे गाण्याचा विषय आणि गायची पद्धत एकच झालीय. ओळीच्या शेवटी तो जो खालचा सूर घेतो तिथे जोर अजिबात नाही, नुसता आवाज सोडून दिलाय आणि तरी सूर हलत नाही. माझ्या मते कंट्रीमधलं हे सगळ्यात नेमकं रेकॉर्डिंग आहे आणि या मतावर मी ठाम आहे.

नॅशव्हिल साउंड म्हणजे काय? ती खरी कंट्री नाही असं म्हणतात?

1950 च्या दशकाच्या शेवटी रॉक अँड रोलने तरुण पोरं पळवली आणि कंट्रीच्या रेकॉर्डी खपेनात. मग आरसीएचा चेट अ‍ॅटकिन्स आणि डेक्का कंपनीचा ओवेन ब्रॅडली यांनी फिडल-स्टील कमी करून त्या जागी कोरस, पियानो आणि पुढे व्हायोलिनचा ताफा आणला, म्हणजे शहरातल्या माणसालाही ऐकावंसं वाटेल. जिम रीव्हज आणि पॅट्सी क्लाइन हे त्याचे दोन मोठे आवाज. जुन्या मताच्या लोकांनी तेव्हाही नावं ठेवली आणि आजही ठेवतात. काही अल्बममध्ये व्हायोलिन खरंच जास्त झालीत, 'मूनलाइट अँड रोझेस' सलग ऐकलं की थोडं गोड गोड होतं हे मी मान्य करते. पण गाण्यात मांडलेलं दुःख कंट्रीचंच आहे, बार, फोन, एकटी खोली, सोडून गेलेलं माणूस.

आपल्याकडे तो एवढा कसा पोचला?

अमेरिकेत त्याला जेवढे लोक आठवतात त्याच्यापेक्षा जास्त प्रेम त्याला भारत, श्रीलंका, दक्षिण आफ्रिका, नॉर्वे, आयर्लंड, इंग्लंड असल्या ठिकाणी मिळालं. आपल्याकडे रेडिओ सिलोनच्या इंग्रजी कार्यक्रमांतून तो घराघरात आला, आणि गोवा, वांद्रे, वसई, मंगलोर इकडच्या ख्रिस्ती घरांत त्याच्या रेकॉर्डी आणि नंतर कॅसेट असायच्याच. लग्नाच्या पार्टीत बँडवाल्याला 'अडिओस अमिगो' यायलाच पाहिजे.

कारण विचाराल तर मला वाटतं शब्द. इंग्रजी ही ज्यांची घरची भाषा नाही अशा माणसाला पण त्याचा शब्द न् शब्द कळतो. एल्व्हिस ऐकताना ताल कळतो आणि शब्द निसटतात, जिमचं गाणं ऐकून लिहून काढता येतं. आमच्याकडच्या जुन्या माणसांनी कितीतरी इंग्रजी उच्चार त्याच्याकडून उचललेत. शिवाय संथ चाल, सरळ सूर आणि विरहाचं दुःख, जुनं हिंदी-मराठी भावगीत ऐकणाऱ्या कानाला यात परकं असं काही लागत नाही.

साउथ आफ्रिकेत त्याचं काय होतं?

तिथे तो प्रचंड मोठा होता. 1962 मध्ये चेट अ‍ॅटकिन्स आणि फ्लॉइड क्रेमरला घेऊन दौरा केला, तुफान गर्दी. त्याने आफ्रिकान्स भाषेत गाणी रेकॉर्ड केली, उच्चार पाठ करून, आणि 'किंबर्ली जिम' नावाच्या सिनेमात तिकडे हिरोचं काम पण केलं. तो वर्णभेदाचा काळ होता, काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवणारी व्यवस्था चालू होती, आणि या दौऱ्यांकडे बघताना ते नजरेआड करता येत नाही. आफ्रिकेतल्या काळ्या लोकांमध्येही त्याचा आवाज खूप लाडका झाला, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू.

आयर्लंडचा 1963 चा दौरा पण गाजला, पण तिथल्या हॉलमधले पियानो बेसूर असायचे आणि त्यावर तो जाम वैतागायचा. इतक्या जवळून गाणाऱ्या माणसाला बेसूर पियानो सहन होणार तरी कसा.

नाताळचा तो अल्बम कुठला?

'ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस', 1963. 'सिन्योर सांता क्लॉज', 'अ‍ॅन ओल्ड ख्रिसमस कार्ड', 'सिल्व्हर बेल्स', 'मेरीज लिटल बॉय चाइल्ड', 'सायलेंट नाइट' हे सगळं त्यातलंच. आमच्याकडे करंज्या-नेवऱ्या तळायला घेतल्या की हा अल्बम लागतो आणि जानेवारीपर्यंत उतरत नाही. 'अ‍ॅन ओल्ड ख्रिसमस कार्ड'मध्ये मध्ये तो नुसतं बोलतो ना, ते नीट ऐका, तिथे जुना अनाउन्सर सापडेल. भक्तिगीतं हवी असतील तर 'वी थँक दी' हा 1962 चा अल्बम वेगळा आहे.

त्याचा मृत्यू कसा झाला?

31 जुलै 1964. आर्कान्सामधल्या बेट्सव्हिलहून नॅशव्हिलला परत येताना, जमिनीच्या एका व्यवहारासाठी गेले होते. छोटं एका इंजिनाचं बीचक्राफ्ट डेबोनेअर विमान, चालवत होता जिम स्वतः, सोबत त्याचा पियानोवादक आणि मॅनेजर डीन मॅन्युएल. नॅशव्हिल अगदी हाताशी आलं होतं आणि ब्रेंटवुडजवळ वादळी पावसात विमान शिरलं. अशा ढगात बाहेरचं काहीच दिसत नाही आणि वर कुठलं खाली कुठलं याचं भानच जातं, त्याचंही तसंच झालं असं मानतात. झाडी इतकी दाट होती की दोन दिवस शोध चालला. शेकडो लोक रानात उतरले, त्यात मार्टी रॉबिन्स, एडी आर्नल्ड, अर्नेस्ट टब असे मोठे गायक पण होते. 2 ऑगस्टला अवशेष सापडले. एकेचाळिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. टेक्सासमध्ये कार्थेजजवळ त्याला पुरलंय, तिथे त्याचा पुतळा आहे.

मेल्यावर एवढी नवीन गाणी कशी काय आली?

यात चमत्कार काही नाही, मेहनत आहे आणि ती मुख्यतः मेरीची.

जिमला रेकॉर्डिंगचा नाद होता. स्टुडिओतली न काढलेली गाणी होती, शिवाय स्वतःसाठी किंवा गीतकारांसाठी करून ठेवलेली साधी डेमो रेकॉर्डिंग होती. शेवटचं आरसीए सेशन जुलै 1964 च्या सुरुवातीला झालं, ठरलेली गाणी संपली, वेळ उरला म्हणून 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू' करून टाकलं, ते शेवटचं ठरलं. तो गेल्यावर मेरीने हा सगळा साठा धरून ठेवला आणि कंपनीबरोबर जपून, थोडं थोडं करून बाहेर काढला. सहा गाणी त्याच्या मृत्यूनंतर कंट्रीत एक नंबरला गेली, 'आय गेस आय एम क्रेझी'पासून 1967 च्या 'आय वोन्ट कम इन व्हाइल ही इज देअर'पर्यंत. याद्यांमध्ये त्याचं नाव 1980 च्या दशकापर्यंत येत राहिलं.

सगळ्यात भारी उदाहरण 'डिस्टंट ड्रम्स'. गीतकार सिंडी वॉकर, तिच्यासाठी जिमने ते साधं करून ठेवलं होतं, कंपनीला ते त्याच्या श्रोत्यांसाठी योग्य वाटलं नव्हतं. त्याच्यानंतर त्या टेपवर ऑर्केस्ट्रा चढवला आणि 1966 मध्ये इंग्लंडमध्ये ते पाच आठवडे एक नंबर. बीटल्सच्या ऐन भरातल्या वर्षी, दोन वर्षांपूर्वी गेलेला माणूस. लढाईवर जायच्या आधी लग्न करू या म्हणणाऱ्या मुलाचं गाणं, आणि तेव्हा व्हिएतनामचं युद्ध पेटलं होतं, त्यामुळे ते अजूनच लागलं लोकांना.

ओव्हरडब, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगवर नवी वाद्यं चढवताना जिथे आवाज वेगळ्या ट्रॅकवर होता तिथे जुनी वाद्यं काढून नवी घालता आली. जिथे आवाज आणि गिटार एकत्रच होते तिथे नवं सगळं त्यावरच चढवायला लागलं, म्हणून काही गाण्यांत मागे दबलेली जुनी गिटार अजून ऐकू येते. नंतरच्या वर्षांत हे जरा अति झालं असं माझं मत, एकाच आवाजाला तीन तीन वेगळे साज. पण ते केलं नसतं तर आपल्या पिढीपर्यंत हा आवाज पोचला असता का, सांगा.

पॅट्सी क्लाइनबरोबरचं ड्युएट खरं आहे का?

दोघांनी एकत्र गायलेलं नाही. ती 5 मार्च 1963 ला विमान अपघातातच गेली. 1981 मध्ये दोघांची वेगवेगळी रेकॉर्डिंग जोडून 'हॅव यू एव्हर बीन लोनली' तयार केलं. त्याआधी गायिका डेबोरा अ‍ॅलनने त्याच्या जुन्या आवाजाबरोबर गाऊन तीन ड्युएट केली होती, ती मला जास्त जमलेली वाटतात कारण निदान एक माणूस दुसऱ्याला ऐकून गातंय.

कराओकेला त्याची गाणी सोपी म्हणून घेतो, पण जमत नाहीत. काय चुकतंय?

बहुतेक जण दोन चुका करतात. एक, मूळ पट्टीत गायला जातात. जिमचा आवाज बेस-बॅरिटोन, आपल्याला ते खालचे सूर लागत नाहीत आणि मग घशातून घरघर येते, तर सरळ दोन-तीन सूर वर चढवून घ्या. दोन, माइक हातभर लांब धरतात आणि मग ऐकू यावं म्हणून जोर लावतात. माइक हनुवटीजवळ, थोडा तिरका धरा, म्हणजे 'प' चा धक्का बाजूने जाईल, आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलताना लागतो तेवढाच आवाज काढा.

आजवर फक्त नाताळची गाणी ऐकलीत, आता कुठून सुरू करू?

आधी 'मेक्सिकन जो', मग लगेच 'फोर वॉल्स', याच क्रमाने, फरक आपोआप कळेल. मग 'हील हॅव टू गो', 'वेलकम टू माय वर्ल्ड', 'आय लव्ह यू बिकॉज', 'डिस्टंट ड्रम्स'. त्याने स्वतः लिहिलेलं 'अ‍ॅम आय लूझिंग यू' पण सोडू नका. अल्बम सलग ऐकायचा असेल तर 1960 चा 'द इंटिमेट जिम रीव्हज' घ्या, आणि शक्यतो फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात खर्ज येतच नाही.